विल्फच्या अर्ध्या मैलाची वेळ

मी हॅना अ‍ॅक्रॉइड, वय त्रेसष्ट, अविवाहित, पूर्वी गिरणीत विणकर, राहणार चॅपल लेन, बीचक्लिफ, यॉर्कशायर. छाती कमजोर झाली आहे, डोके शाबूत आहे. कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या समजुतीने ही व्यवस्था लिहून ठेवते.

१. घर व सामान मामेबहीण लिली हिला. स्वयंपाकघराची खिडकी अडकते; ढकलू नये, खालून उचलावी.

२. मागावरची कात्री गिरणीतली सोबतीण एलन सटक्लिफ हिला. बारा वर्षे ती न विचारता वापरतच आली आहे.

३. धाकटा भाऊ विल्फ्रेड याचे धावण्याचे खिळ्यांचे बूट माझ्या शवपेटीत ठेवावेत. धावपटूंच्या क्लबचे चिटणीस पर्सी थ्वेट यांनी ते काचेच्या कपाटासाठी तीनदा मागितले. देऊ नयेत. जून १९१२ मध्ये विल्फ अर्धा मैल एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांत धावला. पंचांचे घड्याळ मध्येच बंद पडले. वडिलांचे, दाबून चालू-बंद करायचे घड्याळ घेऊन मी शेवटच्या रेषेवर उभी होते. थ्वेट म्हणाले, “बाईच्या हातातल्या घड्याळावर विक्रम लिहीत नसतात, हॅना.” क्लबचा विक्रम नोंदला गेला नाही, म्हणून लंडनच्या निवड-शर्यतीचे बोलावणेही आले नाही. विल्फ म्हणाला, “जाऊ दे गं ताई, पुढच्या उन्हाळ्यात परत धावेन.” पुढच्या उन्हाळ्यात गुडघा दुखावला. त्यापुढच्या उन्हाळ्यात युद्ध लागले. सप्टेंबर १९१६ मध्ये, फ्रान्सला सोमच्या लढाईत, खंदकांतून निरोप पोचवताना तो पडला. देह सापडला नाही. पलटणीत त्याच्याइतके वेगवान कोणी नव्हते, असे अधिकाऱ्याने कळवले. त्यांना ते घड्याळाशिवाय कळले.

थ्वेट अंत्ययात्रेला आल्यास चहा द्यावा. पाहुण्यांच्या मानाचा हॅम देऊ नये.

४. घड्याळ क्लबला; पण पुढील मजकूर वार्षिक सभेत वाचला तरच.

शेवटच्या रजेवरून परतताना विल्फने स्टेशनवर विचारले, “ताई, खरं सांग, घड्याळ वेळेवर दाबलं होतंस ना?”

मी म्हटले, “हो रे, अगदी रेषेवर.”

ते खोटे होते. शेवटच्या वळणावरून तो एकटाच येताना दिसला आणि हातातले घड्याळ मी विसरले. तो रेषा ओलांडून गवतावर वाकला, तेव्हा मी दाबले. म्हणजे त्याची वेळ अठ्ठावन्नपेक्षा कमी होती. हे बोलले असते तर थ्वेट म्हणाले असते, “बघा, मी काय सांगत होतो?” म्हणून त्यांच्यापुढे गप्प राहिले, आणि विल्फपुढेही. किती कमी, ते मला सांगता येत नाही.

सही: हॅना अ‍ॅक्रॉइड
साक्षीदार (मजकूर वाचलेला नाही, सही होताना पाहिली): आर्थर मिजली, न्हावी, डोरा क्रॅबट्री, शिक्षिका
बीचक्लिफ, १४ मार्च १९३८