एका विडीचा संशय

तारकर्ली, नोव्हेंबर १९६८. सकाळी कचेरीत गेलो, संध्याकाळी परत आलो. वारा पडलेला.

बाबा, कचेरीत आज पुन्हा तोच वाद निघाला. एका बलाढ्य देशाने शेजारच्या लहान देशात रणगाडे घातले त्याला काही महिने झाले, तरी आमचे हेडक्लार्क अजून सांगतात, मोठ्या देशाने वस्तुस्थिती बघून वागावं, नीती वगैरे लहानांसाठी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तुमचा आवाज ऐकू येत होता.

छप्पन साल. तुम्ही पडवीत बसून बोटीने आलेलं शिळं वर्तमानपत्र मोठ्याने वाचता आहात. तेव्हाही रणगाडेच होते. "आपलो फायदो बघता, तोच मोठो होता," तुम्ही म्हणता. "बाकीची सगळी भाषणां." त्याच आठवड्यात शेजारच्या काकांचं रापणीचं जाळं मासळीने गच्च भरलं आणि ओढायला माणसं कमी पडली. अशा वेळी किनाऱ्यावर असेल त्याने धावत जाऊन दोरीला हात लावायचा, ही आपली रीत. मी उठलो तर तुम्ही खेकसलात, "खंय चललस? तेंचा जाळा फाटला तर आपल्या मासळीक भाव येतलो." जाळं फाटलं. काका तुमचे लहानपणापासूनचे सोबती, पण तुम्ही जागचे हलला नाहीत.

पुढे आपली रापण तशीच जड झाली तेव्हा मला वाटलं, आता कोण येतंय! सगळ्यांच्या आधी काका धावत आले. जाळं वाळूवर आल्यावर तुम्ही त्यांना बाजूला घेतलंत.

"खरा सांग, तुका काय होया?"

"माका? एक विडी दी," काका हसले. "आणि तुझ्या पेपरात माझा नाव छापून हाड."

विडी दिलीत, विश्वास ठेवला नाहीत. तुमच्या शेवटच्या आजारात ते रोज येऊन पडवीत बसायचे आणि तुम्ही आतून मला खुणावायचात, झोपलेत म्हणून सांग. "तेच्या मनात काय आसा, बघ हां." तुम्ही गेल्यापासून दहा वर्षं मी बघतो आहे. त्यांनी काही मागितलेलं नाही.

म्हणून हेडक्लार्कांच्या वस्तुस्थितीवर माझा विश्वास बसत नाही. भीती आणि फायदा खरे, तर धावत आलेला माणूस खोटा कसा? जो त्याला मोजतच नाही, तो डोळे उघडे ठेवून देश चालवतो असं कसं म्हणावं? अर्थात, गोड भाषणं करणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. तो तुम्ही मला ठेवू दिला नाहीत.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगतो. मघाशी काका स्वतः दोन बांगडे देऊन गेले. आता त्यांना काठी लागते. ते वळताच मी बांगड्यांचे कल्ले उघडून पाहिले. लालभडक होते, म्हणजे बांगडे ताजे. मग विळी घेऊन मागल्या दारी बसलो आणि मासे साफ केले.