बक्कल नंबर

अण्णा, मी रिव्हॉल्व्हर घेतलं. तुम्ही असतात तर फोनवर हे सांगायला माझी जीभ रेटली नसती. जुन्या घाटाचं आहे, सहा गोळ्यांचं, तुम्ही पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात रोज पुसून ठेवायचात तसलंच. फक्त ही बाहेर कुठेतरी बनलेली स्वस्तातली नक्कल. लाकडी मूठ बरी आहे, वरचा काळा मुलामा पातळ आहे. घोडा न चढवता चाप ओढायचा तर माझं बोट थरथरायला लागतं, आधी चढवला की मात्र अगदी हलका सुटतो. पंचवीस मीटरवर जरा डावीकडे मारतं. नळी शंभर मिलिमीटरपेक्षा आखूड चालत नाही, असा इथला नियम आहे, कोणी सहज लपवून फिरू नये म्हणून. मी नेमकी नियमात बसेल एवढीच नळी निवडली, त्याच्यावर दोन मिलिमीटरसुद्धा नाही. ही सगळी पारख मी तुमच्या डोळ्यांनी करतेय, असं मी स्वतःला सांगत होते.

हे ट्रुगानिना उपनगरातलं घर तुम्ही पाहिलं नाहीत, ते घेतलं तेव्हा तुम्ही नव्हतात. तुमचे जावई आठवड्यातले चार दिवस कामाला कॅनबेरात असतात. गेल्या वर्षी हिवाळ्यात एका दुपारी, मी ऑफिसात असताना, तिघेजण मागचं काचेचं सरकतं दार फोडून आत आले. तुमची नात नुकतीच शाळेतून आली होती. पंधरा वर्षांची पोर, चादरींच्या कपाटात पाय पोटाशी घेऊन बसली. त्यांनी फ्रिज उघडून ज्यूस प्यायला, हसत हसत गाडीची किल्ली शोधली आणि गाडी घेऊन गेले. ते गेल्यावरही ती पाऊण तास बाहेर आली नाही. मी कपाट उघडलं तेव्हा मला ओळखायच्या आधी तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. पोलीस भले होते, कोणाला इजा झाली नाही हे महत्त्वाचं, म्हणाले. काच बसली, गाडी आली. पोर मात्र अजून घरात शिरली की आधी सगळ्या खोल्यांत जाऊन पडद्यांमागे बघते.

इथे स्वतःच्या रक्षणासाठी असलं शस्त्र मिळत नाही. अर्जात कारण लिहावं लागतं आणि भीती हे कारण धरत नाहीत. मी लिहिलं, नेमबाजीचा खेळ. सहा महिने क्लबच्या पिस्तुलांवर शिकले, हजेऱ्या लावल्या, पोलिसांनी घरी येऊन भिंतीत ठोकलेली तिजोरी पाहिली. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे आहेत. शस्त्र हातात देताना ते गोळ्यांचं चक्र उघडून सहाही रिकामी भोकं दाखवतात, मगच देतात. पहिल्या दिवशी ते बघून मला तिथेच रडू फुटलं, आणि त्यांना वाटलं मी आवाजाला घाबरले. हे रिव्हॉल्व्हर त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "नॉट बॅड फॉर द मनी," म्हणाले. मग विचारलं, "टार्गेटसाठी ना? व्हाय सो शॉर्ट, लव्ह?" मी म्हटलं, माझे हात लहान आहेत. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि कागदावर सही केली.

तुमच्या शस्त्रागारातली ती खंडेनवमी आठवते? लांब टेबलावर पांढरी चादर, त्यावर रांगेने बंदुका, प्रत्येकीला झेंडूचा हार, आणि तेलाच्या वासात मिसळलेला उदबत्तीचा वास. मी दहा वर्षांची आहे, नवा परकर-पोलका घातलाय, हवालदारांची एकुलती एक लेक म्हणून सगळे माझे लाड करताहेत. मी टोकाचं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी उचलते, तुमच्याकडे रोखते आणि म्हणते, हात वर! सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेता, उघडून बघता, जागेवर ठेवता आणि मग मला थोबाडीत मारता. मी रडत म्हणते, रिकामं होतं ना, अण्णा. तुम्ही खाली वाकून, अगदी हळू आवाजात विचारता, "रिकामं आहे हे तुला कोणी सांगितलं?" त्याआधी आणि त्यानंतर तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाहीत. मी इकडे यायला निघाले तेव्हा तुम्ही तुमची पितळी नंबरपट्टी माझ्या मुठीत दिलीत. ती इथे देवघरात असते, आणि त्यावरचा बक्कल नंबर हाच मी तिजोरीचा नंबर ठेवला. मला वाटलं, तुम्हीच राखणीला बसलात.

आता खरं सांगते. रिव्हॉल्व्हर घरी आलं त्याच आठवड्यात, घरात कोणी नाही असं समजून, मी ते कमरेला खोचलं, वरून सैल स्वेटर घातला आणि अंगणातल्या टपालपेटीपर्यंत जाऊन आले. बसताना टोचतं का, चालताना दिसतं का, हे मला बघायचं होतं. टोचत होतं, दिसत नव्हतं. इथे हा गुन्हा आहे. ते रिकामं होतं, एवढं मी मनाशी दोनदा म्हटलं.

आणि यंदाच्या खंडेनवमीला मी पाट मांडला. लॅपटॉप, गाडीची किल्ली, विळी, आणि मधोमध ते. लेकीला म्हटलं, तू काढ तिजोरीतून, नंबर आजोबांच्या पट्टीवर आहे. तिच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी उजेड दिसला! तिने हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. मी तिला चक्र कसं उघडायचं, कसं बघायचं ते शिकवलं. गोळ्यांची पेटी कायद्याप्रमाणे वेगळी कुलपात असते, तिची किल्ली देवघराच्या खणात. पूजेला निरांजनाच्या वाती तिनेच त्या खणातून काढल्या होत्या. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता, अण्णा, की तुमचा वारसा तिसऱ्या पिढीकडे गेला.

आज सकाळी क्लबला जायचं म्हणून तिजोरी उघडली आणि सवयीने चक्र बाहेर काढलं. सहा भोकांत सहा पितळी बुडं चमकत होती. मी कधीच भरून ठेवत नाही. गोळ्या एकेक करून ओट्यावर काढल्या आणि लेकीला हाक मारली. ती कॅफेतल्या शिफ्टला निघाली होती, बूट घालत होती.

"हे तू भरलंस?"

"येस."

"कधी?"

"पूजेच्या दुसऱ्या दिवशी. आई, डोन्ट फ्रीक आउट. आय वॉज केअरफुल."

"अगं, पण का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू लहान मी आहे. "ते परत आले तर? एम्प्टी असून काय उपयोग? तू ते त्याच्यासाठीच आणलंस ना? आय सॉ यू, आई. स्वेटरमध्ये घालून लेटरबॉक्सपर्यंत गेली होतीस."

तुम्ही विचारला होतात तो प्रश्न मी तिला विचारू शकले नाही, आणि थोबाडीत मारायचा हक्क तर मला उरलाच नव्हता. ती "सी यू" म्हणून गेली. तीन आठवडे ते घरात भरलेलं होतं. मी त्याच्याशेजारून कपडे घेऊन जात होते, भाजी चिरत होते.

आता दुपार आहे. ते उघड्या चक्रानिशी ओट्यावर पडलंय, शेजारी सहा गोळ्या. क्लबला गेले नाही. पोलीस ठाण्यात नेऊन परत करावं म्हणून गाडीची किल्ली हातात घेतली आणि पुन्हा ठेवली. तिजोरीचा नंबर अजून बदललेला नाही. लेक यायला दोन तास आहेत. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं एकच लिहिते. सकाळी त्या सहा गोळ्या दिसल्या ना, अण्णा, तेव्हा भीती वाटायच्या आधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं.