अठरा श्वास

परभणी,
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप सुमंगलाअक्कास,
श्रद्धाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. सोनपेठला हरभरा निघाला असेल.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर उलटला आणि दाजींना आमच्या वॉर्डात आणले, तेव्हा त्यांच्या खाटेशी बसून एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली असेल. तापासाठी थर्मामीटर येतो, रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधतात. मग कागदावर श्वासाचा आकडा कुठून येतो? घड्याळ घेऊन छातीकडे पाहणारा तर कोणी दिसत नाही!

माझे संशोधन नेमके यावरच आहे. मी चारशे बारा जखमींचे कागद तपासले. तीनशे सहा जणांचे श्वास मिनिटाला बरोबर अठरा. माणूस चालत आलेला असो वा उचलून आणलेला. म्हणजे कोणी मोजतच नाही. आत रक्त साचू लागले, तरी तरण्या माणसाचा रक्तदाब बराच वेळ खोटा धीर देतो. श्वास त्याआधीच वाढतो. सर्वांत बोलका आकडा आम्ही अंदाजाने लिहितो, अक्का.

सासूबाई अजून तुला चुलीला हात लावू देत नाहीत, असे कळले. "हिनंच चहा पाजला अन् माझं लेकरू गेलं" म्हणतात. चहाने काही झाले नाही. फासळी मोडून छातीत रक्त साचत होते; चहा तिथे पोचतच नाही.

त्या दिवशी वॉर्डात तू मला दोनदा म्हणालीस, "श्रद्धे, ह्यांना धाप लागायलीय, बघ की."

दाजी हसले. "डाक्टरीणबाईला लय कामं हायेत. मला काय न्हाई झालं, गप बस."

मीही हसले. "घाबरलेत गं," म्हणाले.

त्या तीनशे सहांत दाजींचा कागद आहे. अक्षर माझे.

विभागप्रमुख म्हणतात, तेवढा एक वगळा, निष्कर्ष बदलत नाही. खरेच बदलत नाही. पण तो वगळला तर तुझ्या चहावरचा आळ तसाच राहतो. ठेवला तर तुझ्या दारात मी कोणत्या तोंडाने उभी राहू? तीनदा स्टँडवर गेले. सोनपेठची गाडी सुटेपर्यंत उभी राहिले आणि वॉर्डात परतले.

कागद ठेवला आहे. प्रत सोबत जोडली आहे. सासूबाईंना वाचून दाखव.

त्यांना पटले नाही, तर दुपारी त्या आडव्या झाल्या की त्यांचे मनगट धर. नाडी पाहतेस असेच भासव, कारण श्वास मोजताहेत हे कळले की माणूस तो बदलतो. नजर छातीवर ठेव आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोज. मग त्यांना सांग, एवढाच वेळ लागतो.

दाजींना तो न देणारी,
श्रद्धा