मावशी आली तेव्हा मांजरं घरात होती

ओरुरो, बोलिव्हिया, ४ नोव्हेंबर

आदरणीय रोसमेरीताईस,

धाकट्या मावसभावाचा, एलिसेओचा, मनापासून नमस्कार. हे पत्र पोचेल तेव्हा तू, भाऊजी आणि दोन्ही मुलं सुखात असाल अशी आशा करतो. तुझी पाठ कशी आहे? शिलाई मशीनवर बसणाऱ्याने दर तासाला उठून उभं राहावं, असं आमच्या कारखान्याच्या भिंतीवर लिहिलं आहे (मीच लिहिलं आहे, वाचत कोणी नाही). ब्युनोस आयर्सला आता उकाडा सुरू झाला असेल. इथे नेहमीचा वारा आहे. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त डाव्या हातावर एकोणीस ओरखडे आहेत. त्यांचं कारण पुढे ओघाने येईल. सहावीतच शाळा सुटली असली तरी पत्रात खाडाखोड असू नये असा माझा प्रयत्न आहे. कुठे केस चिकटलेला दिसला तर तो माझा नाही.

तुझी आई, माझी मावशी, जूनमध्ये गेली आणि ऑगस्टमध्ये तुझं पत्र आलं, की घराला गिऱ्हाईक मिळालंय पण त्याला मांजरं नकोत, तेव्हा चांगली माणसं बघून देऊन टाक. त्याप्रमाणे तिन्ही दिली. तू इथून गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. यातलं एकही तेव्हा जन्माला आलेलं नव्हतं. म्हणून आधी ओळख करून देतो, नाहीतर पुढची हकिकत तुला पटणार नाही.

सगळ्यात थोरला नोटरी. करडा, छाती पांढरी, चेहरा गंभीर. घरात कुठलाही कागद खाली ठेवला की हा येऊन त्यावर बसतो: विजेचं बिल, प्रार्थनेचं पुस्तक, माझे भरतकामाचे नमुने, सगळ्यावर. मावशी म्हणायची, हा बसल्याशिवाय कागद पक्का होत नाही. तुझी पत्रं ती त्याच्या पोटाखालून इंच इंच ओढून वाचायची, त्यामुळे एक पत्र तिला दोन दिवस पुरायचं (ते तिला आवडायचं असं मला आता वाटतं). त्याला समोरच्या डॉन कास्तोंकडे दिला. ते रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेत आणि त्यांच्याकडे कागद भरपूर आहेत.

दुसरी साल्तेन्या. खायच्या साल्तेन्यासारखीच गोल, पिवळी, आत सारण ठासून भरलेलं, कडेला चुण्या. हिने जन्मात कधी काही पकडलं नाही. एकदा एक उंदीर हिच्या वाटीत दूध प्यायला आला तेव्हा ही थोडी बाजूला सरकली. तिला बाजारातल्या दोन्या एलोदियाला दिली, ती कोंबडीचं सूप विकते. हा निर्णय साल्तेन्याच्या वजनाच्या दृष्टीने चुकला.

तिसरी प्रिमितिवा. ताई, आधी माफी मागतो, कारण हे तुझ्या वडिलांच्या आईचं नाव आहे हे मला ठाऊक आहे. नाव मावशीने ठेवलं. म्हणायची, "बघ, अगदी सासूबाईंसारखी बघते. त्यांनी जे प्रेम केलं नाही ते आता हिच्याकडून वसूल करतेय." ही फक्त मावशीच्या मांडीवर बसायची. बाकी साऱ्या जगाला नखं. साल्तेन्या खोलीत आली की ही उठून जायची, सहा वर्षांत त्यात एक दिवस खंड नाही. मावशीला पुरून आलो तेव्हापासून ही उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसली होती, जिथे बसून मावशी बटाटे सोलायची. तिला दोन्या एलोदियाच्याच बटाट्याच्या गोदामात ठेवली. तिथले उंदीर संपले. प्रिमितिवा मात्र कोणाला दिसली नाही.

इतकं सगळं तुझ्या शब्दाप्रमाणे झालं. मग ऑक्टोबरच्या मध्यावर मी कार्निव्हलच्या नाचातल्या एका सैतानाच्या झग्यावर टिकल्या शिवत होतो आणि एकदम सुई हातात तशीच राहिली. एक नोव्हेंबर, गेलेल्या माणसांचा घरी यायचा दिवस, जवळ आला होता. मावशीचं हे पहिलंच वर्ष. एक तारखेला दुपारी बाराला ती येणार, दोन तारखेला बाराला परत निघणार. आणि तुला आठवत असेल, मांजरं मोजल्याशिवाय ती सूप प्यायला बसत नसे. एक जरी कमी असलं तरी शाल घेऊन रस्त्यावर. आता ती येणार, घरात एकही नाही, म्हणजे शोधायला बाहेर पडणार. डॉन कास्तोंकडे, बाजारात, गोदामात. प्रिमितिवा तर जिवंत माणसांना सापडत नाही. तेवढ्यात दोन तारखेचे बारा वाजून जाणार, बाकी सगळे निघून जाणार, आणि मावशी या वाऱ्यात वर्षभर हाका मारत फिरणार. मला झोप येईना. मी तिन्ही मांजरं एका दिवसापुरती उसनी आणायचं ठरवलं.

डॉन कास्तोंनी पावती मागितली. "मांजर, नग एक, स्थिती चांगली, परत केव्हा?" मी सगळं नीट लिहून दिलं. त्यांनी पावती टेबलावर ठेवली आणि नोटरी तिच्यावर जाऊन बसला. आम्ही दोघं चाळीस मिनिटं थांबलो. दोन्या एलोदिया म्हणाली, "दिलेली मुलगी सणाला माहेरी नेतात, तसं मांजर न्यायला आलास होय रे? ने बाबा. पण उचलायला आणखी एक माणूस आण." प्रिमितिवाला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी मावशीची शाल गोदामात पसरून ठेवली, तेव्हा ती येऊन त्यावर बसली. पकडण्याचं मात्र तिला मान्य नव्हतं (ओरखडे एक ते चौदा). टोपली ती फाडते, म्हणून मी कारखान्यात दुरुस्तीला आलेला सैतानाचा मुखवटा नेला होता. ती आत, खालून फळी बांधलेली, मांडीवर मुखवटा, असा मी मिनीबसने घरी आलो. मुखवटा गुरगुरत होता. शेजारच्या आजीबाईंनी आधी छातीवर क्रुसाची खूण केली आणि मग विचारलं, "किती बॅटऱ्या लागतात हो?"

टेबल मी रीतीप्रमाणे मांडलं. काळं कापड, मावशीच्या रूपाचा पाव (चेहरा प्लास्टरचा, नाव साखरेने लिहिलेलं, तीनदा तपासलेलं), परत स्वर्गात चढायला शिडीच्या आकाराचा पाव, वाटेवर पाणी न्यायला पोकळ पातीचे कांदे, ऊस, आणि तिला आवडणारं पिवळ्या मिरचीतलं कोंबडं. आधी मेलेल्या मांजरांसाठी ती दरवर्षी छोटे मांजराचे पाव करायची, तेही मी केले. ते लामा जनावरांसारखे झाले. पावणेबाराला साल्तेन्याने कोंबडं खाल्लं. प्रार्थनेला आलेली दोन्या एलोदिया धावत जाऊन आपल्या पातेल्यातलं घेऊन आली. मग माझ्या लक्षात आलं, की बाराला दार उघडं पाहिजे, नाहीतर मावशी आत येणार कशी? आणि दार उघडलं की मांजरं बाहेर. म्हणून मी तिघांना सोनेरी फितीने टेबलाच्या पायाला बांधलं (पंधरा ते एकोणीस). प्रिमितिवाने फीत कुरतडली आणि पायरीवर जाऊन पाठमोरी बसली. तीही मोजली जाईल अशी मी मनाची समजूत घातली.

बाराचे ठोके पडले. डॉन कास्तोही आले होते, त्यांनी टोपी काढली. दोन्या एलोदियाची प्रार्थना अर्ध्यावर आली होती, आणि दारातून एक माशी आत आली. त्या दिवशी माशीला कोणी हात लावत नाही. गेलेलं माणूस चालत थोडंच येणार? ती प्रिमितिवाच्या डोक्यावरून आली, सावकाश, मावशी दमली की चालायची तशी. आधी नोटरीच्या पाठीवर बसली. मग फितीवर. मग आपल्या पावावर, बरोबर नावाच्या पहिल्या अक्षरावर. मी म्हणणार होतो, मावशी, तिघंही आहेत, बस. तेवढ्यात साल्तेन्याने, जिने जन्मात कधी काही पकडलं नाही, उडी मारली.

साल्तेन्या परत खाली बसली आणि पंजा चाटू लागली.

"गिळली?" दोन्या एलोदियाने विचारलं.

"गिळली."

"चावून, की नुसती?"

"नुसतीच असावी."

"मग बरं आहे. आत ऊब आहे."

डॉन कास्तोंनी घड्याळ पाहिलं. "येणारी गाडी वेळेवर आली," ते म्हणाले. "उद्या बाराची सुटायची कशी, हा प्रश्न आहे."

"जिथून सगळं सुटतं तिथून सुटेल," दोन्या एलोदिया म्हणाली आणि प्रार्थना पुढे सुरू केली. (मी दुसऱ्या दिवसापर्यंत मांजरांच्या वाळूच्या डब्यापाशी बसून होतो. याहून जास्त लिहिणं बरं नाही.)

दोन तारखेला साल्तेन्याला मावशीच्या शालीत गुंडाळून कबरीवर घेऊन गेलो. बारा वाजले, आजूबाजूला सगळे आपापल्या माणसांना निरोप देऊ लागले, हात हलवू लागले. मी तिच्या कानात सांगितलं, मावशी, वेळ झाली, कांदे घेतलेस ना? तिने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, परत मिटला. तिथे मला जरा त्रास झाला. जूनमध्ये पुरताना झाला नव्हता, कारण तेव्हा शेजाऱ्यांच्या खुर्च्या कोणाच्या कोणत्या हे लक्षात ठेवायचं होतं. या वेळी हातात फक्त मांजर होतं.

तर इकडची हकिकत अशी. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाठीची काळजी घे.

तुझा धाकटा भाऊ,
एलिसेओ

ता. क. साल्तेन्या मी दोन्या एलोदियाला परत दिलेली नाही, आणि देणारही नाही. मावशी गेली की अजून आत आहे हे मला नक्की सांगता येत नाही. आत असेल तर पुढच्या वर्षी तिला याच दारातून निघावं लागेल, आणि तेव्हा इथे गिऱ्हाइकाचं टेबल असून चालणार नाही. तेव्हा घर निदान पुढच्या दोन नोव्हेंबरपर्यंत विकू नकोस, एवढी विनंती आहे. तू सहीसाठी पाठवलेले कागद सोमवारपासून नोटरीच्या खाली आहेत. मी त्याला उठवलेलं नाही, त्यामुळे तो परतही गेलेला नाही.

ता. क. २. डॉन कास्तो आज म्हणाले, की खोलीत माश्या दोन होत्या. दुसरी कोणाची ते त्यांना माहीत नाही. तुझे वडील असतील. ते नेहमी मागूनच यायचे. मावशी त्यातली कुठली हे आता कोण सांगणार? त्यामुळे वरची सगळी हकिकत चुकीची असू शकेल. ती मी खोडत नाही, कारण पत्र स्वच्छ लिहून झालं आहे.

ता. क. ३. हे लिहिणार नव्हतो. एक तारखेपासून प्रिमितिवा पायरीवर बसलेली नाही. ती साल्तेन्यापाशी असते. तिच्या पोटाला डोकं लावून झोपते, तिचे कान चाटते. सहा वर्षं जिच्या वाऱ्याला उभी राहिली नाही तिच्यापाशी. मी फक्त पाहिलं ते लिहितो. जूनमध्ये तुला येता आलं नाही, तुझ्या कारखान्याने सुट्टी दिली नाही, हे मावशीला मी सांगितलं होतं, पण तेव्हा तिला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. आताही येणं जमत नसेल तर पुढच्या पत्रात वेगळ्या कागदावर तिच्यासाठी दोन ओळी लिही. नोटरी बसायच्या आत मी त्या साल्तेन्याला वाचून दाखवीन. दुपारी चारपर्यंत ती खिडकीत उन्हाला असते, आणि तिचे कान चांगले आहेत.