लिंपलेलं पेव

हरिपूर, सोमवार, १२ एप्रिल १९४३

प्रिय शकू,

कालच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं. 'हळदीनं भरलेल्या पेवात भूत कण्हतंय,' असं म्हटलं होतं ना? ते पेव भरलेलं नाही आणि आत भूतही नाही. जमिनीखालच्या त्या कोठाराचं तोंड ओल्या मातीनं लिंपलेलं दिसलं, म्हणून आत हळद असणार असं मी धरून चालले. आप्पा घरी पाटीवर अक्षरं गिरवून घेत तेव्हा बजावत, पाहिलं तेवढंच लिहावं. मी न पाहता लिहिलं.

पत्र गेल्यावर चैन पडेना, म्हणून भरदुपारी पुन्हा तिथे गेले. मातीला कान लावला, तर खालून घोगरा आवाज आला, "कोन हाय? लय कोंडतंय वं हितं." भूत असतं तर पळून तरी आले असते. खुरप्यानं माती फोडली, फळी सरकवली आणि हमाल उतरण्याआधी आतली हवा पारखायला सोडतात तसा कंदील दोरीनं खाली सोडला. ज्योत एवढीशी झाली, पण विझली नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला. भामाबाई! आमच्याकडे हळद निवडते, पेवं लिंपते ना, तीच. म्हणाली, "वरडलीस तर तुला बी आत घालीन." मी म्हटलं, "अगं, माणूस आत आणि तू तोंड लिंपलंस?" ती मटकन खाली बसली. "जल्म गेला पेवं लिंपन्यात. हात आपसूक मातीकडं गेला बग!" आणि कपाळ बडवून घेऊ लागली.

आतला माणूस म्हणजे माण तालुक्यातला मेंढपाळ धुळा. चळवळीतल्या भूमिगतांचे निरोप तो मेंढरांमागून पोचवायचा. शिपाई मागे लागले, तेव्हा भामाबाईनं त्याला रिकाम्या पेवात लपवलं. उतरताना दोर सुटला आणि त्याचा पाय मोडला. आता त्याला उभंही राहता येत नाही. फळी आम्ही अर्धी उघडी ठेवून वर टोपली पालथी घातली आहे. भाकरी खाली सोडतो, तेव्हा तो वर बघून म्हणतो, "मेंढरं कुनी हाकली?"

काकांना सांगावं, तर आमच्या ओसरीवर रोज पोलीस पाटील पान खायला बसतो. गुरुवारी त्याच पेवात हळद भरायची आहे. हमालांनी पाहिलं, की धुळा तुरुंगात आणि भामाबाईही. बुधवारी मात्र काका आणि हमाल गाड्या घेऊन सांगलीला जाणार आहेत, तेव्हाच त्याला वर काढायचं.

कुणीतरी खाली उतरून त्याच्या कमरेला दोर बांधायला हवा. भामाबाई त्या तोंडातून मावत नाही. वरून दोर तिची म्हैस ओढेल, पण ती म्हैस तिच्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही. मग तोंडाशी बसून कंदिलाकडे कोण पाहणार? ज्योत बारीक झाली तर मला ओरडून कोण सांगणार? शकू, म्हणून हे पत्र. भुताच्या भीतीनं घरी राहू नकोस, आणि भूत नाही म्हणून निर्धास्तही येऊ नकोस. नाही आलीस तरी रागावणार नाही. पण मी उतरणार.

बुधवारी दुपारी पेवात उतरणारी,
तुझीच,
सुहासिनी