छपरातले तारे आणि माझी हेडमास्तरकी

४ मे, सकाळी ६
पत्र आलं. २८ तारखेला राजधानी तारावाहून इन्स्पेक्टर तोअटू येणार. सातवीचा एकच तास बघणार. विषय: तारकासमूह आणि ताऱ्यांविषयीच्या लोकसमजुती. तास रंगला की हेडमास्तरची जागा माझी. सहा वर्षं मी त्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारी बसतोय! विषय तर घरचाच. आजोबा तारे बघून होडी हाकायचे, म्हणजे रक्तातच आहे. तयारीची गरज नाही. तरी रोज एक तास करणार. उद्यापासून.

८ मे
तयारी नाही. व्हॉलीबॉल होतं.

११ मे
परदेशी पुस्तकावरून तक्ता काढला. सुंदर. वर्गात मोठं अस्वल दाखवलं. अस्वल म्हणजे काय, असं पोरांनी विचारलं. मी तरी कुठे पाहिलंय? मोठा कुत्रा, म्हणून सांगितलं. टिरिआ म्हणाली, सर, मग खाली मोठा कुत्रा वेगळा काढलाय तो कोण?
ही मुलगी फार बोलते. पालकांना बोलवावं लागेल.

१३ मे
आज लोकसमजुती. टिरिआचा बाप होडीवाला. नेई आउतीचा तारकापुंज संध्याकाळी दिसायला लागला की वारं फिरतं, म्हणून तो लांब जात नाही, असं ती म्हणाली. मी ठणकावलं, ही अंधश्रद्धा! विज्ञान हवं असेल तर आज संध्याकाळीच उत्तरेला बघा, नेई आउती दिसेल.

१४ मे
दिसली नाही. बावीस पोरं मान वर करून तासभर उभी. ढग होते, असं मी म्हटलं. नव्हते. काबुरेआत्या कुंपणापलीकडून ओरडली, अरे, या महिन्यात ती सूर्याबरोबर बुडते, माझ्या कोंबड्यांनाही माहीत आहे.
आत्याकडे पदवी नाही. लोक म्हणतात तिला विचार. विचारणार नाही. आजोबा शिकवायचे तेव्हा तू माझ्या मांडीवर घोरायचास, हे तिचं ठरलेलं. घोरत नव्हतो. डोळे मिटून पाठ करत होतो.

१९ मे
नामी कल्पना! आजोबांसारखंच शिकवायचं. तास मानेआबात. गावच्या या सभाघराच्या छपराला आकाश समजायचं, एकेका वाशाखाली एकेक तारा. तारे म्हणजे पोरं. हजेरीच्या नंबराने बसवली. शिस्तच वेगळी.

१९ मे, दुपारी
घोळ. मानेआबात ज्याची त्याची जागा कुळाप्रमाणे ठरलेली, हे कोणाला माहीत नाही? मलाही माहीत आहे. ऐन वेळी सुचलं नाही, इतकंच. नंबर सातला नेमका सगळ्यात मानाच्या कुळाच्या जागी बसवला. गावचे म्हातारे आले. एक म्हणाला, मास्तर, उद्या तुमच्या सासऱ्याला आमच्या दारात झोपवाल. दुसऱ्याने सुनावलं, आम्ही बसलेले असताना तू उभा कसा? उभं राहिल्याशिवाय शिकवायचं कसं? बी.एड.ला हे नव्हतं.
शेवटी माफी मागितली. वर सगळ्यांना जेवण द्यावं लागलं.

२५ मे
नावं पाठ करायला बसलो. डोळे मिटून. बायकोने उठवलं तेव्हा सकाळ होती.

२८ मे
साहेब आले. म्हाताऱ्यांच्या परवानगीने मानेआबात उभा राहिलो, काठी उचलली आणि पश्चिमेच्या वाशाकडे दाखवून म्हणालो, हल्ली संध्याकाळी रिम्विमाता तारा इथे उगवतो.
पोरं हसली. पश्चिमेला कोणी उगवत नाही, हे बोलल्यावर माझ्याही लक्षात आलं. आत्या आपल्या जागेवरून म्हणाली, बस रे बाबा खाली, मान आखडेल तुझी.
बसलो. मग तिने एकेक वासा विचारला. मीही हात वर करत होतो, पण पोरांनीच सगळे तारे धडाधडा सांगितले. गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी तिच्याकडे जात होती म्हणे! मला कोणीच बोललं नाही. टिरिआ म्हणाली, सर, तुम्हाला वाईट वाटलं असतं.
वाईट? मुळीच नाही. सहकारी अध्यापन म्हणतात याला. साहेब भराभरा लिहीत होते. खुर्ची पक्की.

११ जून
अहवाल आला. शिकवणं: उत्कृष्ट. शिक्षिका: नेई काबुरे, म्हणजे काबुरेबाई, म्हणजे आत्याच! विद्यार्थी: तेवीस.
पटावर बावीस आहेत. दोनदा मोजले. तेविसावा मी.
खाली शेरा: 'तेविसावा विद्यार्थी वयाने मोठा आहे. उत्तर येत नसताना हात वर करतो. वर्षभर पुढच्या रांगेत बसवावा. हेडमास्तरपदाचा विचार त्यानंतर.'
भयंकर अपमान! जेवलो नाही. राजीनामा लिहिला. आत्याचा निरोप आला, चटई घेऊन ये.

११ जून, संध्याकाळी
गेलो. टिरिआने सरकून जागा दिली आणि हळूच म्हणाली, सर, रिम्विमाता तो तिकडे.
माहीत आहे, असं मी म्हटलं.
माहीत नव्हतं.