जपून गं

सर,
(आधी ‘बाबा’ लिहिलं होतं. खोडलं.)

तुमच्या विद्यापीठाने मला प्रवेश दिला. दुसऱ्या एकानेही दिलाय, तेही तितकंच नावाजलेलं. कुठे जाणार ते उद्या कळवायचंय.

मुलाखतीला टेबलापलीकडे तुम्ही दिसलात आणि मी लगेच ओळखलं. घर सोडून गेलात तेव्हा मी रांगत होते. तुमचा चेहरा मला फोटोतूनच माहीत. मी आईचं आडनाव लावते, नाव चारचौघींसारखं, तेव्हा तुम्ही कशावरून ओळखणार? “बसा, पाणी घ्या,” म्हणालात. सगळे प्रश्न अहो-जाहो करूनच विचारलेत. मीही धडाधड उत्तरं दिली, कशी कोण जाणे.

मग मी दाराशी पोचले आणि तुम्ही म्हणालात, “पायरी आहे, जपून गं.”

तो ‘गं’ कुणाचा होता? सगळेच सर पोरीबाळींना ‘गं’ म्हणतात तसा असेल, तर जागा माझ्या हुशारीची. बापाचा असेल, तर ती दया झाली. विचारावं, तर हे पत्र पाठवायची हिंमत नाही.

दुसरीकडे मुलाखतच नव्हती, मार्क बघून घेतलं. गुपचूप तिकडे जावं. पण मग हे कधीच कळणार नाही. आणि तुमच्याकडे आले, तर कळेल. मला दोन्हीची धडकी भरलीय.

तुम्ही तिथे शिकवता हे आईला ठाऊक नाही. आत्ताच तिने स्वयंपाकघरातून विचारलं, “ठरलं का गं?”

जन्मभर ऐकलेला शब्द, आणि मी केवढी दचकले.

आपली,
उमेदवार